डोकेदुखीची गोळी एक, आतली औषधं तीन

प्रश्न थोडक्यात असा: डोकं दुखायला लागलं की नुसत्या पॅरासिटामॉलने भागत नाही, पण पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी घेतली की तासाभरात उतार पडतो. असं का? आणि ही गोळी आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावी लागत असेल तर त्यातून काय बिघडू शकतं?

आधी मुद्द्याचं. पाकिटावर नाव एकच असलं तरी पोटात गेल्यावर ती तीन स्वतंत्र औषधं असतात. तिघांची काम करण्याची जागा वेगळी, शरीरातून बाहेर पडायची वेळ वेगळी आणि उपद्रवही वेगळा. डोकं उतरलं म्हणजे औषध संपलं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुखणं थांबल्यावरही त्यातलं एक रात्रीपर्यंत जागं असतं आणि दुसऱ्याचा रक्तावरचा परिणाम आठवडाभर टिकतो. बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात.

मात्रा पाहू. एका गोळीत पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम, अ‍ॅस्पिरिन २५० मिलिग्रॅम आणि कॅफीन ६५ मिलिग्रॅम ही एक परिचित मांडणी. दुसरी २००, २५० आणि ५० अशी. प्रौढांचा डोस दोन्हींत दोन गोळ्यांचा. म्हणजे पहिल्या मांडणीत एका वेळी ५००, ५०० आणि १३० मिलिग्रॅम पोटात जातात. पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिन एकेकटं घ्यायचं तर डोकेदुखीला प्रौढाची पूर्ण मात्रा १००० मिलिग्रॅमपर्यंत जाते. मिश्रणात दोन्ही निम्म्यावर आणून जोडीला कॅफीन दिलेलं असतं. ‘साध्या गोळीने भागत नाही’ म्हणणारे बरेच जण ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी घेत असतात, तेव्हा ही तुलना मुळात बरोबरीची नसते. यकृत ठणठणीत असलेल्या, ५० किलोहून जास्त वजनाच्या प्रौढाने १००० मिलिग्रॅम घेऊन पाहिलेलं नसेल, तर पॅरासिटामॉल लागू पडत नाही असा निकाल देण्याची घाई करू नये.

आता एकेकाचं काम. डोक्यातल्या रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूच्या आवरणात दाह सुरू झाला की सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, प्रोस्टाग्लॅंडिन गटातली रसायनं तयार करायला लागतं. ही रसायनं वेदनेच्या मज्जातंतूंना हळवं करतात. मग एरवी जाणवलीही नसती अशी नाडीची ठोक हातोड्यासारखी लागते. अ‍ॅस्पिरिन हे विकरच बंद पाडतं. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट उलगडली आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेनसारखी औषधं त्या विकराची वाट काही तास अडवून ठेवतात आणि निघून जातात. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःचा एक तुकडा विकराला कायमचा चिकटवून टाकतं, कुलपात काडी मोडून ठेवावी तसं. ही काडी लक्षात ठेवा, दुष्परिणामांत ती परत येणार आहे.

पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदूत आणि पाठीच्या कण्यात चालतं. सूज ते फारसं उतरवत नाही. मेंदूत त्याच्यापासून एएम-४०४ नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि ते वेदनेचे संदेश मंद करणाऱ्या यंत्रणेला हात देतं. मेंदूकडून खाली येणारे, वेदना दाबणारे सेरोटोनिनचे मार्गही त्याने जोर धरतात. थोडक्यात, अ‍ॅस्पिरिन दुखण्याच्या उगमाशी काम करतं आणि पॅरासिटामॉल ते दुखणं जिथे जाणवतं तिथे. एकाच विकराला दोन औषधांनी दोनदा अडवण्यात हशील नसतं, दोन वेगळ्या जागी अडवण्यात असतं. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल ही जोडी जमते. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन ही जोडी जमत नाही, तिथे गुण वाढत नाही आणि पोटाचा धोका तेवढा वाढतो.

कॅफीन इथे चवीला किंवा तरतरीला घातलेलं नसतं. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि गुंगी येते. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा पटकावून बसतं. वाहिन्या आकसतात, २५० मिलिग्रॅम कॅफीनने मेंदूचा रक्तप्रवाह साधारण पाव हिश्शाने कमी होतो. शिवाय जोडीच्या औषधांचं शोषण ते काहीसं लवकर घडवून आणतं. मात्र त्याचा हातभार किती, हे नीट समजून घ्यावं. वेदनाशामकाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीनची जोड दिली, तर चांगला उतार पडणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाच ते दहाने वाढतं. फरक खरा आहे, पण जादू नाही.

यावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी बोलकी आहे. दुखणं निम्म्यावर यायला तिहेरी मिश्रणाला ६५ मिनिटं लागली. कॅफीन वगळून दोन्ही औषधं दिली तेव्हा ७३, नुसत्या अ‍ॅस्पिरिनला ७९, नुसत्या पॅरासिटामॉलला ८१ आणि औषधच नसलेल्या प्लासिबो गोळीला १३३ मिनिटं. म्हणजे एकेकट्या औषधापेक्षा मिश्रण जिंकलं ते चौदा-सोळा मिनिटांनी. कपाळावरची शीर उडत असताना पंधरा मिनिटं थोडी नाहीत, हे मान्य. पण त्या पंधरा मिनिटांसाठी आपण तीन औषधांचे दुष्परिणाम पत्करतो, हेही लक्षात असू द्यावं.

अर्धशिशीत या मिश्रणाला गुण येतो का? येतो. अमेरिकेत १९९८ मध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अर्धशिशीसाठी विकायला मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचण्यांत दोन तासांनी शंभरातल्या सुमारे ५९ जणांचं दुखणं सौम्य झालं किंवा थांबलं, प्लासिबो घेणाऱ्यांत सुमारे ३३ जणांचं. यातली मेख अशी की दर वेळी अंथरूण धरायला लागणारे किंवा वारंवार उलट्या होणारे रुग्ण त्या चाचण्यांत घेतलेलेच नव्हते. तेव्हा ज्यांची अर्धशिशी त्या जातीची आहे त्यांना ही गोळी अपुरी पडली तर त्यात नवल नाही, आणि गोळ्या वाढवणं हा त्यावरचा इलाज नाही. अर्धशिशीसाठी पाकिटावरची मर्यादा चोवीस तासांत दोन गोळ्यांची आहे. दुखणं परत आलं म्हणून संध्याकाळी आणखी दोन घेणं ही सर्रास होणारी चूक.

एक डोस घड्याळ लावून पाहू. सकाळी दहाला दोन गोळ्या घेतल्या. अर्ध्या ते एका तासात पॅरासिटामॉल आणि कॅफीन रक्तात वरच्या पातळीला पोचतात. अ‍ॅस्पिरिनचा मूळ रेणू वीस मिनिटांतच निम्मा होतो, कारण त्याचं सॅलिसिलेट बनतं आणि पुढचं काम तेच चालू ठेवतं. पॅरासिटामॉल दर दोन-तीन तासांनी निम्मं होत जातं, म्हणून दुपारी तीन-चारपर्यंत त्याचा असर ओसरलेला असतो. कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास. रात्री आठलाही १३० पैकी तीसेक मिलिग्रॅम शिल्लक असतं. आणि रक्तातल्या बिंबिका, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट पेशी? त्यांच्यात केंद्रक नसतं, त्यामुळे बंद पडलेलं विकर त्यांना नव्याने घडवता येत नाही. मघाची मोडलेली काडी तिथे तशीच राहते. त्या बिंबिका झडून नव्या येईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तुमचं रक्त थोडं उशिरा गोठतं. आठवड्यातून दोनदा ही गोळी घेणाऱ्याचं रक्त त्यामुळे पूर्ववत असं होतच नाही.

गोळी कशी घ्यावी, यावरही बरंच अवलंबून असतं. पहिली गोष्ट वेळ. दुखणं चढू लागताच घ्यावी. अर्धशिशीत तास-दोन तासांनी केस विंचरलेलेही सहन होत नाहीत अशी अवस्था येते. ती आली म्हणजे वेदना मेंदूतच मुरलेली असते आणि मग कोणतंच वेदनाशामक पुरेसं धावत नाही. दुसरी गोष्ट जठर. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते. गोळी तिथेच पडून राहते आणि आपण म्हणतो औषध चाललं नाही. पेलाभर पाण्यासोबत घेतली, किंवा पाण्यात फसफसून विरघळणारी असली, तर ती लवकर पुढे सरकते. घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये. आतड्यात विरघळणारं आवरण असलेलं अ‍ॅस्पिरिन डोकेदुखीला कामाचं नाही, ते मुद्दाम उशिरा सुटावं म्हणूनच तसं केलेलं असतं. पोटात थोडं अन्न असलं तर शोषण जरा लांबतं, पण ज्यांना जळजळ होते त्यांनी ती दहा-पंधरा मिनिटं सोसलेली बरी.

आता दुष्परिणाम. सगळ्यात जास्त त्रास अ‍ॅस्पिरिन देतं. प्रोस्टाग्लॅंडिन दुखवतात तसे जठराच्या अस्तराचं रक्षणही तेच करतात, आणि अ‍ॅस्पिरिनला हा फरक कळत नाही. एखाद्-दुसऱ्या वेळी पोटात जळजळ, मळमळ, करपट ढेकर. वारंवार घेतल्यास व्रण आणि रक्तस्राव. हा रक्तस्राव अनेकदा न दुखता होतो. डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, किंवा विनाकारण धाप आणि थकवा वाढला, तर ‘पित्त झालंय’ म्हणून अंगावर काढू नये. पूर्वी व्रण झालेले, साठीच्या पुढचे, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणारे आणि रोज दारू पिणारे यांना हा धोका कितीतरी जास्त. नैराश्यासाठी सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तो वाढतो. ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते.

दम्याच्या काही रुग्णांना, विशेषतः ज्यांच्या नाकात मोड म्हणजे पॉलिप असतात त्यांना, अ‍ॅस्पिरिनने तासा-दोन तासांत दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. त्यांना आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनही बहुधा सोसत नाही. कानात गुणगुण सुरू झाली तर सॅलिसिलेट जास्त होत असल्याची ती खूण समजावी. सोळा वर्षांखालच्या मुलांना हे मिश्रण देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या आजारात अ‍ॅस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम नावाचा, यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा विकार होऊ शकतो. तो विरळ असतो, पण जीवघेणा. डेंग्यूची शंका असलेल्या तापातली डोकेदुखी असेल तर मोठ्यांनीही अ‍ॅस्पिरिन टाळायचं, तिथे बिंबिका आधीच घटत असतात.

गरोदरपणात हे मिश्रण मनाने घेऊ नये. विसाव्या आठवड्यानंतर अ‍ॅस्पिरिनच्या वेदनाशामक मात्रेने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल घटू शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. गरज पडली तर डॉक्टरांना विचारून नुसतं पॅरासिटामॉल. गरोदरपणातच डॉक्टर कधीकधी अ‍ॅस्पिरिनची अगदी लहान मात्रा देतात. तो वेगळा विषय आहे, ती गोळी आपण होऊन बंद करू नये. हृदयासाठी रोज लहान मात्रेचं अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांनी डोकेदुखीला वरून आयबुप्रोफेन घेतलं तर ते विकराची जागा आधी अडवून बसतं आणि अ‍ॅस्पिरिनला आपली काडी मोडायला वावच मिळत नाही. साध्या, आवरण नसलेल्या अ‍ॅस्पिरिनबाबत नियम असा की आयबुप्रोफेन एकतर त्याच्यानंतर किमान अर्ध्या तासाने घ्यावं, नाहीतर त्याच्या आधी आठ तास.

मूत्रपिंडांचाही विचार हवा. रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ शेवटाची गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वरून वेदनाशामक मात्रेत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन वारंवार घेणं म्हणजे मूत्रपिंडांवर तिहेरी ताण. त्यात उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं मंदावल्याची खूण, काही दिवसांतच चढू शकतं. याच तिहेरी मिश्रणांचा जुना अवतार अ‍ॅस्पिरिन, फेनॅसेटिन आणि कॅफीन असा होता. वर्षानुवर्षं रोज ती गोळी खाणाऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा फेनॅसेटिन देशोदेशी बाद झालं, अमेरिकेत १९८३ मध्ये. गंमत म्हणजे फेनॅसेटिनचं शरीरात जे बनायचं, ते पॅरासिटामॉलच.

पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत बरंच निरुपद्रवी आहे. पोटाला त्रास नाही, रक्तस्राव नाही. पण त्याची चूक पडते ती बेरजेत. समजा, सर्दी-ताप आहे आणि डोकंही दुखतंय. डोकेदुखीच्या मिश्रणाच्या दोन-दोन गोळ्या दोनदा घेतल्या: १००० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत ५०० असतं, ती चारदा घेतली: २०००. तापासाठी ६५० ची गोळी तीनदा: १९५०. बेरीज ४९५०. तिन्ही पाकिटांची नावं वेगळी, तिन्ही घेताना हात कुठेच सैल सुटला नव्हता, तरी प्रौढाची दिवसाची ४००० ची मर्यादा जवळपास हजाराने ओलांडली. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान, कुपोषण किंवा कमी वजन असेल तर मर्यादा २००० च्या आसपास धरतात.

मर्यादा ओलांडल्यावर काय होतं? पॅरासिटामॉलचा लहानसा भाग यकृतात नॅपक्वी नावाच्या विषारी द्रव्यात बदलतो. एरवी यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. मात्रा वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींनाच जाऊन भिडतं. घात असा की पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं, कावीळ दिसते, तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आठ तासांच्या आत मिळाला तर यकृत जवळपास हमखास वाचतं. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात येताच, काही होत नसलं तरी, थेट रुग्णालय गाठायचं. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: सलग काही दिवस रोज २००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घेतलं तरी रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

कॅफीनचे उपद्रव बहुतेकांच्या ओळखीचे आहेत: छातीत धडधड, हात कापणं, अस्वस्थता, आंबटपणा, झोप उडणं. कमी माहीत असतं ते हे, की कॅफीन प्रत्येकाच्या शरीरात सारखा वेळ राहत नाही. धूम्रपान करणाऱ्यात ते निम्म्या वेळात संपतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत त्याचा मुक्काम साधारण दुप्पट होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक किंवा नैराश्यावरचं फ्लुव्हॉक्सामीन चालू असेल तर तो आणखीच लांबतो. त्यांना दुपारच्या गोळीने रात्र जागून काढावी लागू शकते, आणि अपुरी झोप हे डोकेदुखीचं अगदी नेहमीचं निमित्त आहे. गोळी घेतलेल्या दिवशी चहा-कॉफी एक-दोन कपांनी कमी करा. दोन गोळ्यांतलं १३० मिलिग्रॅम म्हणजे कडक कॉफीचा मोठा कपच.

बाजारात या तिहेरी गोळीखेरीज इतरही मिश्रणं आहेत. त्यातल्या तीन-चारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे.

ब्युटालबिटाल, पॅरासिटामॉल आणि कॅफीन. ब्युटालबिटाल हे बार्बिट्युरेट, म्हणजे गुंगी आणणारं आणि सवय लावणारं औषध. ते शरीरात निम्मं व्हायला सुमारे ३५ तास लागतात, त्यामुळे लागोपाठच्या डोसांचं ते साठत जातं. बरेच महिने रोज घेऊन एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. सोपे पर्याय असताना याच्या वाटेला जाऊ नये.

कोडीन आणि पॅरासिटामॉल. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं. काहींच्या शरीरात ते जवळजवळ होतच नाही, त्यांना गुण येत नाही. काहींच्या शरीरात ते झपाट्याने होतं, त्यांचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. बद्धकोष्ठ आणि मळमळ बहुतेकांना होते. अर्धशिशीत आधीच मंदावलेलं जठर त्याने आणखी थंडावतं, म्हणजे रोगाच्या बाजूनेच काम झालं.

अर्गोटामिन आणि कॅफीन, १ आणि १०० मिलिग्रॅम. हे जुनं औषध आहे, कधी त्यात पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारं औषधही घातलेलं असतं. अर्गोटामिन शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यांत ते वर्ज्य. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक, बुरशीवरचं इट्राकोनॅझोल किंवा एचआयव्हीवरचं रिटोनाविर चालू असताना घेतलं तर ते यकृतात मोडलं जात नाही आणि बोटं थंड, निळी, बधिर पडू लागतात. वेळेत उपाय झाला नाही तर बोटं कापावी लागण्याची वेळ येते. घशाच्या जंतुसंसर्गासाठी दिलेलं साधं अँटिबायोटिक आणि जुन्या पाकिटातली डोकेदुखीची गोळी एवढ्यावर हे घडू शकतं. ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारखी अर्धशिशीची औषधं) आणि अर्गोटामिन यांच्यात २४ तासांचं अंतर हवंच.

सुमाट्रिप्टान ८५ आणि नॅप्रोक्सेन ५०० हे मिश्रण मात्र विचारपूर्वक केलेलं आहे. सुमाट्रिप्टान झटका लवकर मोडतं पण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून दुखणं संध्याकाळी परत येतं. नॅप्रोक्सेन बारा तासांहून अधिक टिकतं आणि ती परतफेरी रोखतं. मुख्य अट: हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार नसावा. पोट आणि मूत्रपिंडांबाबतची वरची सगळी पथ्यं इथेही आहेतच. नॅप्रोक्सेनसोबत डॉमपेरिडोन दिलेलं असेल तर ते थबकलेलं जठर हलवण्यासाठी असतं. ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या आलेखात, क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं असणाऱ्यांनी ते टाळावं.

आता प्रश्नातला खरा भाग, आठवड्यातून दोन-तीनदा. तीनदा म्हणजे महिन्यात बारा-तेरा दिवस. मिश्र गोळी, ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा कोडीनसारखं अफूवर्गीय औषध महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलं आणि डोकं महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस दुखू लागलं, तर त्याला औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी म्हणतात. साध्या, एकाच घटकाच्या वेदनाशामकासाठी हीच मर्यादा पंधरा दिवसांची आहे. म्हणजे तिहेरी गोळीला पाच दिवसांची सूट कमी. ब्युटालबिटालसारख्या औषधाने तर महिन्याला पाचेक दिवसांपासूनच धोका दिसू लागतो. इथे मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवसात चार घेतल्या तरी दिवस एकच, आणि रोज अर्धी घेतली तरी दिवस तीस.

हे घडतं कसं? सतत औषधाच्या छायेत राहिल्याने वेदनेची यंत्रणा थंडावण्याऐवजी जास्त हळवी होते. त्यात कॅफीनची भर. अ‍ॅडेनोसिनच्या जागा रोज अडलेल्या दिसल्या की मेंदू नव्या जागा तयार करतो. मग कॅफीन उतरताच सगळ्या जागा एकदम मोकळ्या होतात, वाहिन्या सैलावतात आणि शेवटच्या कॅफीननंतर १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं. घेणाऱ्याला वाटतं मूळचीच डोकेदुखी परत आली. तो गोळी घेतो, तिच्यात कॅफीन असतं, दुखणं थांबतं, आणि गोळीवरचा विश्वास दुणावतो. रोज पहाटे डोकं धरूनच जाग येत असेल तर ही शंका आधी घ्यावी. अशा वेळी गोळी बदलून पुढची तगडी गोळी घेण्याने काहीच सुटत नाही.

थांबवायचं कसं, हे घटकांवर ठरतं. पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन असलेली गोळी एकदम बंद करता येते. चहा-कॉफी मात्र त्याच दिवशी तोडू नये, ती आठवडाभरात हळूहळू उतरवावी. ब्युटालबिटाल किंवा कोडीन रोज घेत असाल तर मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीनेच. बंद केल्यावर दुखणं आधी वाढतं. दोन ते दहा दिवस जड जातात, मळमळ, चिडचिड, झोपमोड होते. म्हणून तो आठवडा कामाच्या धबडग्यात घेऊ नये. याच काळात डॉक्टर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुरू करू शकतात, जसं प्रोप्रानोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट. त्यांचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि ती अधेमधे घेऊन चालत नाहीत.

काही डोकेदुख्या गोळीच्या नसतातच. मिनिटभरात कळसाला पोचणारी, आयुष्यातली सर्वांत भयंकर वाटणारी. ताप आणि मान आखडणं सोबत असलेली. हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं. डोक्याला मार लागल्यानंतरची. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, विशेषतः चावताना जबडा दुखत असेल तर. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली. यांत आधी गोळी घेऊन दोन तास वाट पाहणं धोक्याचं. आत रक्तस्राव असेल तर त्यात अ‍ॅस्पिरिनची भर पडते.

शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं असेल तर ‘रक्त पातळ करायची गोळी घेता का’ या प्रश्नावर लोक सरळ नाही म्हणतात, कारण डोकेदुखीची गोळी त्यांच्या मनात त्या खात्यात नसते. मागच्या दहा दिवसांत ती घेतली असेल तर सांगा. घरातलं जुनं पाकीट उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर ती गोळी टाकून द्या. ओल लागून अ‍ॅस्पिरिन फुटलं की त्याचं अ‍ॅसिटिक आम्ल होतं, म्हणजे शिरक्यातलंच.

तुमच्यापुरतं करायचं ते असं. कॅलेंडरवर दोन खुणा ठेवा, डोकं दुखलं त्या दिवशी एक आणि गोळी घेतली त्या दिवशी दुसरी. सोबत गोळीचं नाव न लिहिता घटक आणि मिलिग्रॅम लिहा. गोळीच्या खुणा महिन्याला आठच्या पुढे जाऊ लागल्या की वेदनाशामक बदलत बसण्याऐवजी प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि जाताना ते कॅलेंडर सोबत न्या. मधल्या काळात एका झटक्याला मिश्र गोळी आणि पुढच्या झटक्याला साधं पॅरासिटामॉल १००० असं आलटून पालटून घेऊन पाहता येतं. मिश्र गोळीने तुमचे खरोखर किती तास वाचतात ते त्याच कॅलेंडरवर दिसेल. गोळीचे दिवस मोजताना मात्र दोन्ही धरा.